बिल्डर बुडाला, आता लिफ्टचं बिल कोण भरणार?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा लोकलमध्ये नेटवर्क नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना झालेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे काढलेत, बाकी आहे तसं ठेवलंय.)

आजचा विषय कोडिंगचा नाही, शेअर बाजाराचाही नाही. मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, आमचा बिल्डर एनसीएलटीत गेलाय. ग्रुपवर रोज दोनशे मेसेज पडतात, पण नक्की करायचं काय ते कुणीच सांगत नाही." तो मेसेज वाचून मी हसलो, कारण दोन वर्षांपूर्वी मी अगदी हेच कुणाला तरी विचारत होतो.

आमचा प्रकल्प पुण्याच्या पूर्व भागात आहे. बिल्डरचं नाव घेणार नाही, प्रकरण अजून चालू आहे. तीन विंग. ए आणि बी मिळून ८४ घरं, त्यांचा ताबा २०२२ मध्ये मिळाला. आई-बाबा ए विंगमध्ये राहतात. बाबांनी पीएफचे पैसे त्यात घातले. आणि मी, बीटेक होऊन आयटीत चार पैसे मिळवायला लागलो म्हणून त्याच बिल्डरकडे सी विंगमध्ये फ्लॅट बुक केला. आई-बाबांच्या समोर राहायचं, एवढं साधं स्वप्न. सी विंगचे सात स्लॅब पडले आणि काम थांबलं. आज तिथे सळ्या गंजतायत आणि माझा हप्ता चालू आहे.

म्हणजे एकाच गेटच्या आत मी दोन्ही बाजूंना आहे. घर मिळालेल्यांच्या घरातला मुलगा आणि घर न मिळालेला ग्राहक. त्यामुळे या सगळ्यात मला एक गोष्ट कळली, तीच आज सांगायची आहे. बिल्डरकडचं येणं ही एक वही आणि बिल्डिंगचा रोजचा खर्च ही दुसरी वही. या दोन वह्या एकत्र केल्या की दोन्हीकडे नुकसान होतं. आम्ही एकत्र केल्या होत्या. त्याची किंमत काय पडली, तेही सांगतो.

आधी एनसीएलटी म्हणजे काय ते बघू

२०१६ मध्ये एक कायदा आला, दिवाळखोरी आणि नादारी संहिता. सगळे त्याला आयबीसी म्हणतात. कंपनीने कर्ज थकवलं की बँक राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे अर्ज करते. महाराष्ट्रातल्या कंपन्यांची प्रकरणं मुंबईच्या खंडपीठाकडे, कफ परेडला चालतात. अर्ज दाखल करून घेतला की तीन गोष्टी लगेच होतात.

एक, कंपनीच्या संचालक मंडळाचे अधिकार थांबतात. कालपर्यंत साइट ऑफिसमध्ये चहा पाजणाऱ्या शेठला आता सही करता येत नाही. त्याच्या जागी न्यायाधिकरण एक व्यावसायिक नेमतं. आधी तो हंगामी असतो, त्याला आयआरपी म्हणतात. नंतर समिती त्यालाच किंवा दुसऱ्याला कायम करते, तो आरपी.

दोन, मनाई हुकूम लागतो, ज्याला मोरेटोरियम म्हणतात. त्या काळात कंपनीविरुद्ध नवा दावा नाही, चालू वसुली पुढे जात नाही. रेराकडून व्याजाचा आदेश मिळवून तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचं वॉरंट पाठवलं असेल, तर तेही तिथेच थांबतं.

तीन, ज्यांचं ज्यांचं कंपनीकडे येणं आहे त्यांनी दावे दाखल करा, अशी जाहीर घोषणा निघते.

इथे एक गैरसमज काढून टाका. एनसीएलटीत गेली म्हणजे कंपनी लगेच विकून टाकणार असं नाही. आधी प्रयत्न असतो तो कुणीतरी नवा खेळाडू यावा, त्याने योजना द्यावी, प्रकल्प पुरा करावा असा. त्यासाठी १८० दिवस, वर ९० दिवसांची मुदतवाढ आणि कोर्टकचेरी धरून ३३० दिवस असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं? नोएडाच्या जेपी इन्फ्राटेकचं उदाहरण घ्या. सुमारे २० हजार घरांचा प्रश्न. प्रकरण दाखल झालं ऑगस्ट २०१७ मध्ये आणि एनसीएलटीने योजना मंजूर केली मार्च २०२३ मध्ये. साडेपाच वर्षं! त्यानंतरही अपील झालंच. घाबरवत नाही, पण "सहा महिन्यांत निकाल लागेल" असं कुणी ग्रुपवर टाकलं तर त्याच्या भरवशावर भाड्याचं घर सोडू नका.

आणि कुणीच योजना दिली नाही, किंवा समितीने कुठलीच मान्य केली नाही, तर मग कंपनीचं विसर्जन होतं, म्हणजे लिलाव. लिलावाच्या पैशात आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण ठेवून घेतलेल्या बँका. आपला नंबर साधारणपणे त्यांच्या मागे लागतो. म्हणून घर हवं असेल तर योजना मंजूर होण्यात आपला फायदा असतो. रागाच्या भरात "विकून टाका सगळं" म्हणण्यात नाही.

पहिली वही: बिल्डरकडचं येणं

२०१८ च्या आधी फ्लॅटवाल्यांना या प्रक्रियेत नीट जागाच नव्हती. बँका ठरवायच्या, आपण बाहेर बसायचं. २०१८ च्या दुरुस्तीने सांगितलं की घर घेणाऱ्याने बिल्डरला दिलेले पैसे हेसुद्धा वित्तीय कर्जच आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्ही ग्राहक तर आहातच, पण कंपनीला पैसे दिलेले सावकारही आहात, फायनान्शियल क्रेडिटर. बिल्डर याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात कोर्टाने ही दुरुस्ती योग्य ठरवली. २०२० मध्ये मात्र एक अट आली: घर घेणाऱ्यांना स्वतः अर्ज करून बिल्डरला एनसीएलटीत न्यायचं असेल, तर त्याच प्रकल्पातले किमान १०० जण किंवा १० टक्के, यातला जो आकडा कमी तितके एकत्र यायला हवेत.

आमच्याकडे अर्ज एका कर्ज देणाऱ्या संस्थेनेच केला होता. आम्हाला कळलं ते पेपरातल्या जाहिरातीवरून. तीसुद्धा बी विंगमधल्या एका काकूंनी वाचली, शब्दकोडं सोडवता सोडवता.

आता महत्त्वाचं. दावा प्रत्येकाने स्वतः भरायचा. घर घेणाऱ्यांसाठीचा अर्ज आहे फॉर्म सीए. भारतीय दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या वेबसाइटवर कंपनीच्या नावाने शोधलं की जाहीर घोषणा सापडते. त्यात आयआरपीचा ईमेल, शेवटची तारीख आणि फॉर्म कुठे मिळेल ते असतं. फी नाही. वकील लागतोच असं नाही.

जोडायचं काय? नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, बिल्डरच्या पावत्या, बँक स्टेटमेंट, कर्ज असेल तर बँकेचं मंजुरी पत्र आणि हप्त्यांचा तपशील. करारनामा झालाच नसेल, फक्त अलॉटमेंट लेटर आणि पावत्या असतील, तरीही दावा भरता येतो. पुराव्याशिवाय कॅशमध्ये दिलेले पैसे मात्र धरले जात नाहीत. आमच्या मजल्यावरच्या एका दादाने पार्किंगचे म्हणून चार लाख रोख दिले होते. त्याचा पुरावा काय, तर साइट ऑफिसच्या लेटरहेडवर पेनाने लिहिलेला आकडा, तोही सही नसलेला. त्या दादाला हे समजावणं हा माझ्या आयुष्यातला एक अवघड संवाद होता.

तारखेचं बघा. घोषणेत साधारण १४ दिवस दिलेले असतात. ती तारीख गेली तरी किमान ९० दिवसांपर्यंत दावा स्वीकारला जातो. त्यानंतर उशिराचं कारण देत न्यायाधिकरणाची परवानगी मागत बसावं लागतं. मी स्वतः पहिले तीन आठवडे काहीच केलं नाही. का? ग्रुपवर ठरलं होतं की "सगळ्यांचा मिळून एक वकील करू, तो भरेल". मी सगळ्यांच्या नावांची सुंदर शीट बनवली. रंग दिले, फिल्टर लावले, फॉर्म्युले लावले. इंजिनिअरला वाटतं शीट झाली म्हणजे काम झालं. वकील ठरेपर्यंत तारीख उलटून गेली होती. शेवटी एका रविवारी आई-बाबांच्या हॉलमध्ये लॅपटॉप आणि स्कॅनर ठेवला आणि सी विंगच्या २३ जणांचे फॉर्म एका दिवसात भरून पाठवले. पोह्यांचे दोन पातेले संपले. तरी तिघं राहिलेच. एक परदेशात, एकाचा नंबर बदललेला, आणि एक म्हणाले, "माझी रेराची केस चालू आहे, मला गरज नाही."

ही तिसरी चूक फार जण करतात. रेराचा आदेश हातात असला तरी दावा भरावाच लागतो. आदेश असल्यामुळे तुमचं काही बिघडत मात्र नाही. २०२३ मध्ये विशाल चेलानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रेराचा आदेश मिळालेला घर खरेदीदार आणि न मिळालेला खरेदीदार यांच्यात भेद करायचा नाही, दोघंही फायनान्शियल क्रेडिटरच. पण यादीत नाव असेल तर!

मत कसं मोजतात

दावे तपासले की समिती बनते, तिला सीओसी म्हणतात. त्यात बँका असतात आणि आपणही. पण शेकडो फ्लॅटवाले मीटिंगला बसू शकत नाहीत, म्हणून आपल्या सगळ्यांचा मिळून एक अधिकृत प्रतिनिधी असतो. घोषणेत तीन नावं दिलेली असतात, त्यातलं एक तुम्ही फॉर्म सीएमध्येच निवडता. घाईत लोक हा रकाना रिकामा सोडतात. सोडू नका.

तुमच्या मताचं वजन तुमच्या दाव्याच्या रकमेवर ठरतं. भरलेल्या पैशावर वर्षाला ८ टक्के व्याज धरलं जातं, करारात वेगळा दर ठरला असेल तर तो. एखाद्या विषयावर आपल्यापैकी ज्यांनी मत दिलं, त्यांच्यात वजनाने अर्ध्याहून जास्त जिकडे, तिकडे प्रतिनिधी आपलं सगळं मत टाकतो. म्हणजे मत न देणारा माणूस निर्णय दुसऱ्यावर सोपवतो. योजना मंजूर व्हायला समितीत ६६ टक्के मतं लागतात. ज्या प्रकल्पात बँकेचं कर्ज कमी आणि ग्राहकांचे पैसे जास्त, तिथे ग्राहकांशिवाय योजना मंजूरच होऊ शकत नाही. ही ताकद छोटी नाही. ईमेलवर मतदानाची लिंक येते, ती स्पॅममध्ये जाते, आणि ताकद तिथेच पडून राहते.

अजून दोन नियम माहीत असू द्या. २०२४ पासून आरपीला प्रत्येक प्रकल्पाचं बँक खातं वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे तुमच्या प्रकल्पाचे पैसे दुसरीकडे वळायला नकोत. आणि २०२५ पासून, ज्याने करारातला आपला भाग पूर्ण केलाय आणि ताबा मागितलाय, त्याला समितीच्या ६६ टक्के मंजुरीने प्रक्रिया चालू असतानाच ताबा देता येतो. घर तयार आहे पण चावी अडकली आहे, असं असेल तर आरपीला लेखी मागणी करा.

"हप्ता बंद करू का?"

हा सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न. राग मी समजू शकतो, मी दर महिन्याच्या ५ तारखेला तोच राग गिळतो. पण कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे, त्यात बिल्डर बुडाला म्हणून सूट नाही. हप्ता थांबला की सिबिल पडतं, सहकर्जदार म्हणून वडिलांचं नाव असेल तर त्यांचंही पडतं. करायचं असेल तर हे करा: काम ज्या टप्प्यावर थांबलंय त्याचे फोटो काढून बँकेला लेखी कळवा की पुढचे हप्ते बिल्डरला देऊ नका. परवडत नसेल तर बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. आपण होऊन बंद करू नका.

दुसरी वही: बिल्डिंग

आता ए-बी विंगकडे या. तिथे लोक राहतात. पाणी लागतं, लिफ्ट लागते, रात्री गेटवर माणूस लागतो. ताबा देताना बिल्डरने दर घरामागे कॉर्पसचे ६० हजार आणि दोन वर्षांच्या आगाऊ मेंटेनन्सचे ५० हजार घेतले होते. सतरा महिन्यांनी त्याची मेंटेनन्स एजन्सी एका शुक्रवारी संध्याकाळी निघून गेली, कारण तिचेच पैसे त्याने थकवले होते. सोमवारी सकाळी कचरा तसाच, पंप बंद, आणि कॉमन मीटरचं थकीत बिल गेटला चिकटवलेलं.

कायदा काय म्हणतो? सोसायटीकडे कारभार जाईपर्यंत वाजवी खर्च घेऊन सेवा चालू ठेवणं ही बिल्डरची जबाबदारी आहे, रेराच्या कलम ११ मध्ये तसं आहे. मोफा, म्हणजे आपला १९६३ चा राज्याचा कायदा सांगतो की असे घेतलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच कामाला वापरायचे. कागदावर आपण बरोबर आहोत. पण बिल्डरच्या खात्यात पैसे नसतील तर बरोबर असण्याने टँकर येत नाही.

पहिली मीटिंग पार्किंगमध्ये झाली. बी विंगमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी पाठीमागच्या पानावर हिशोब मांडला. वॉचमन ६२ हजार, साफसफाई २८ हजार, चार लिफ्टची एएमसी १४ हजार, कॉमन वीज ५५ हजार, टँकर ४० हजार, सांडपाणी प्रकल्पाचा ऑपरेटर १८ हजार, किरकोळ १० हजार. महिन्याला २ लाख २७ हजार. भागिले ८४, म्हणजे घरटी साधारण २,७००.

लगेच एक आवाज: "आम्ही दोन वर्षांचे आधीच भरलेत. बिल्डरकडून आणा. मी एक रुपया देणार नाही." टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, बाबांनीही वाजवल्या.

पहिल्या महिन्यात ५१ घरांनी पैसे दिले. १ लाख ३७ हजार ७०० जमले, ८९ हजार ३०० कमी पडले. टँकर अर्धे केले. बी विंगच्या एका लिफ्टची दुरुस्ती थांबवली, दुसरी आधीच बंद होती. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अकरा दिवस ते घरातून खाली उतरू शकले नाहीत, फिजिओथेरपीला जाता आलं नाही. त्यांनी पैसे भरले होते, बरं का. पहिल्याच दिवशी.

पुढच्या मीटिंगला बँकवाले काका दोन वह्या घेऊन आले. खऱ्या, दोनशे पानी. म्हणाले, "या लाल वहीत बिल्डरकडे प्रत्येकाचं किती येणं आहे ते लिहू. एक पैसा सोडायचा नाही. आणि या निळ्या वहीत बिल्डिंगचा या महिन्याचा खर्च. लाल वहीतलं येणं निळ्या वहीत वजा करायचं नाही. कारण तुम्ही बिल्डरवर रुसून २,७०० अडवले, तर ते बिल्डरचे अडत नाहीत, सहाव्या मजल्यावरच्या माणसाचे अडतात."

त्या दिवशी टाळ्या पडल्या नाहीत. पण त्या महिन्यात ७० घरांनी पैसे दिले.

लाल वहीचं पुढे काय झालं? कॉर्पस आणि न वापरलेला आगाऊ मेंटेनन्स, सगळ्यांनी आपापल्या दाव्यात लिहिला. तो कुठल्या वर्गात धरायचा ते आरपी बघेल, पण नोंद असणं गरजेचं. गळती, भेगा, अर्धवट क्लबहाऊस यांची यादी फोटोंसकट आरपीला दिली.

सोसायटी नोंदवा, वाट बघू नका

आम्ही पहिले तीन महिने मेंटेनन्स एका दादाच्या वैयक्तिक खात्यात गोळा केला. माणूस प्रामाणिक होता, तरी "व्याज कोण खातंय" असे मेसेज सुरू झालेच. त्याच्या बायकोने शेवटी ग्रुप सोडला. असं कधी करू नका. सोसायटीच्या नावाचं खातं हवं, आणि त्यासाठी सोसायटी हवी.

महाराष्ट्रात ५१ टक्के घरं बुक झाली की तीन महिन्यांत सोसायटी स्थापन करण्यासाठी बिल्डरने अर्ज करायचा असतो. तो करत नसेल तर रहिवासी स्वतः उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाऊ शकतात. याला बोलीभाषेत असहकार प्रस्ताव म्हणतात, म्हणजे बिल्डर सहकार्य करत नाही म्हणून आम्हीच अर्ज करतोय. मनाई हुकूम बिल्डरकडच्या वसुलीला असतो. सोसायटी नोंदवणं ही वसुली नाही. आम्ही आरपीला पत्र देऊन कळवलं आणि प्रस्ताव दाखल केला. करारनाम्यांच्या आणि इंडेक्स टूच्या प्रती, सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सभासदांच्या सह्या हे सगळं गोळा करायला जास्त वेळ गेला. नोंदणी हातात यायला पाच महिने लागले.

सोसायटी झाली की काय बदलतं? कॉमन वीज मीटर सोसायटीच्या नावावर घेता येतो. लिफ्टची तपासणी आणि एएमसी आपल्या नावाने करता येते. अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यायचा असतो, तो कोण देणार हा प्रश्न सुटतो. थकबाकीवर उपविधीप्रमाणे सरळ व्याज लावता येतं. आणि कुणी अगदीच भरत नसेल तर सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. जुने लोक अजून त्याला "१०१ ची केस" म्हणतात. पाणी किंवा वीज तोडणं मात्र बेकायदेशीर आहे, ते डोक्यातून काढा.

राहिली जमीन. कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं. बिल्डर करत नसेल तर मोफाच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स मिळतं. पण जमीन कंपनीच्या नावावर असेल तर मनाई काळात ते पुढे सरकणं अवघड असतं. म्हणून आम्ही आरपीला लेखी दिलंय की जी योजना येईल तिच्यात ए-बीच्या कन्व्हेयन्सचा मुद्दा असलाच पाहिजे.

ए-बी विरुद्ध सी

शेवटचा मुद्दा. घरं मिळालेले म्हणायचे, "सी विंगचा आम्हाला काय संबंध?" सी विंगवाले म्हणायचे, "तुम्ही लिफ्टसाठी रडताय, आम्ही भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय." जेवणाच्या टेबलावर बाबा आणि मी यावरून दोनदा भांडलो.

पण जरा हिशोब करा. ताबा मिळालेल्यांचा कंपनीकडचा दावा छोटा, म्हणून समितीत त्यांच्या मताला वजन कमी. वजन सी विंगकडे. उलट रोजची बिल्डिंग, सांडपाणी प्रकल्प, पाण्याची टाकी, गेट, रस्ता, हे सगळं ए-बीच्या पैशावर चालतंय. उद्या नवा बिल्डर साइट बघायला आला, तर त्याला चालू बिल्डिंग दिसायला हवी, ओसाड नाही. सी विंग पूर्ण झाली नाही तर ए-बीचं क्लबहाऊस आणि कन्व्हेयन्सही लटकतं. दोघांची गरज एकमेकांकडे अडकली आहे. आता सी विंगचे दोघं जण सोसायटीच्या मीटिंगला निमंत्रित म्हणून बसतात, आणि आरपीकडची पत्रं दोन्हीकडच्या सह्यांनी जातात.

थोडक्यात, आज रात्री काय कराल?

आयबीबीआयच्या वेबसाइटवर बिल्डरच्या कंपनीचं नाव टाका. ब्रँडचं नको, करारनाम्यावर असतं ते कंपनीचं नाव. महारेराच्या साइटवर आपल्या प्रकल्पाचं पान उघडा. महारेराने २०२३ मध्ये असे दिवाळखोरीत अडकलेले ३०० हून जास्त प्रकल्प जाहीर केले होते, म्हणजे तुम्ही एकटे नाही. सगळ्या पावत्या स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका. घरच्यांच्या नावावर फ्लॅट असेल तर त्यांचा ईमेल तुमच्या फोनवर सुरू करा, कारण सगळं ईमेलवर येतं आणि आपले आई-बाबा तो उघडत नाहीत. आणि या महिन्याचा मेंटेनन्स भरा.

आमचं काय झालं विचाराल, तर सी विंग अजून सात स्लॅबवरच आहे. दोन योजना आल्यात, मतदान व्हायचंय. गेल्या महिन्यात ८४ पैकी ८१ घरांचा मेंटेनन्स जमा झाला. बी विंगच्या दोन्ही लिफ्ट चालू आहेत. आजोबा संध्याकाळी खाली येऊन गेटजवळच्या बाकावर बसतात आणि मला बघितलं की विचारतात, "काय रे, तुझं घर झालं का?"

मी म्हणतो, "यादीत नाव आहे आजोबा."

तुमच्याकडे असं प्रकरण असेल तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेऊ. भेटू, काळजी घ्या!